राखेचा बुधवार

राखेचा बुधवार (भस्म बुधवार) : ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस. ईस्टरच्या ४६ दिवस आधी तो येतो. मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून उपवासाचे दिवस भरतात चाळीस. ईस्टरची तारीख चंद्राच्या गतीवर ठरत असल्याने हा बुधवार ४ फेब्रुवारी ते १० मार्च यांच्या दरम्यान कधीही पडतो. कॅथलिक, अँग्लिकन, ल्यूथरन अशा पश्चिमी परंपरांत तो पाळला जातो. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चचा उपवास सोमवारीच सुरू होतो. केरळातल्या सिरो-मलबार चर्चमध्ये राख लावतात तीही सोमवारी, आणि त्या राखेला तिथे ‘विभूती’ हाच शब्द आहे.

राख येते ती घराघरांतून. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) आशीर्वादित केलेली झावळी लोक घरी नेऊन क्रुसामागे खोचून ठेवतात. वर्षभरात ती पिवळी, कुरकुरीत होते. उपवासकाळ जवळ आला की अशा झावळ्या चर्चमध्ये परत आणून जाळतात आणि राख बारीक चाळून घेतात. मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, प्रवचनानंतर लोक रांगेने पुढे येतात. धर्मगुरू राखेत अंगठा बुडवून प्रत्येकाच्या कपाळावर क्रूस काढतात आणि ‘तू माती आहेस व मातीला मिळशील’ किंवा ‘पश्चात्ताप करा व सुवार्तेवर विश्वास ठेवा’ या अर्थाचे वचन म्हणतात. राख अगदी कोरडी असली तर भुकटी नाकावर, पापण्यांवर सांडते. म्हणून काही ठिकाणी तिच्यात पाण्याचा थेंब टाकतात. इटली, पोलंड वगैरे देशांत राख कपाळाला न लावता टाळूवर भुरभुरतात. हा विधी कॅथलिक चर्चच्या सात संस्कारांपैकी नाही. त्यामुळे बाप्तिस्मा न झालेलाही रांगेत उभा राहू शकतो.

या दिवसाचे खरे वैशिष्ट्य म्हणजे त्याच मिस्सात होणारे वाचन. कपाळाला राख लागण्याच्या काही मिनिटे आधी मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचला जातो. त्यात येशू सांगतो : दान करताना दवंडी पिटू नका, प्रार्थना चव्हाट्यावर उभे राहून करू नका, उपवास करताना तोंड उतरवून फिरू नका, उलट डोक्याला तेल लावा, तोंड धुवा. तोंड धुवायला सांगणारे वचन ऐकायचे आणि लगेच कपाळ माखून घ्यायचे, हा विरोध कोणत्याही श्रोत्याला खटकावा असा आहे. योएल संदेष्ट्याचे पहिले वाचनही त्याच दिशेचे : वस्त्रे नव्हे, अंतःकरणे फाडा.

या अध्यायातले शब्द नीट पाहिले की गाठ थोडी सुटते. ‘ढोंगी’ यासाठी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे, तो रंगमंचावरच्या नटासाठी वापरत. अशा लोकांबद्दल मराठी बायबल म्हणते, ‘ते आपले प्रतिफळ भरून पावले आहेत’. हा अनुवाद फार नेमका साधला आहे, कारण इथले ग्रीक क्रियापद त्या काळच्या पावत्यांवर आढळते, आणि आपल्याकडेही ‘रक्कम भरून पावलो’ असेच लिहून देत. वाहवा मिळाली, हिशेब चुकता झाला. देवाकडे काही येणे उरले नाही. दार लावून प्रार्थना करा, असे येशू ज्या खोलीबद्दल सांगतो तीही मुळात कोठीची खोली आहे, घरातले धान्य ठेवायची आतली जागा. म्हणजे निषेध दिसण्याचा नाही, दिसावे म्हणून करण्याचा आहे. डोंगरावरच्या याच प्रवचनात, एक अध्याय आधी, तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या, असेही येशूने सांगितले आहे. आणि राख पुण्य मिरवत नाही; मी पापी आहे, मी मरणार आहे, एवढेच ती सांगते. शिवाय ती सहसा कोणी स्वतःची स्वतःला लावत नाही. धर्मगुरूही ती शक्यतो दुसऱ्याच्या हातून घेतात.

इतिहासानेही या विधीला हेच वळण दिले. प्राचीन चर्चमध्ये गोणपाट आणि राख ही उघड, गंभीर पाप करणाऱ्यांची शिक्षा होती. पुढे काही प्रदेशांत त्यांना उपवासकाळाच्या आरंभी चर्चबाहेर काढून पुण्य गुरुवारी (ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी) परत घेत. इ.स. १०००च्या सुमारास इंग्लंडमधल्या एल्फ्रिक या मठवासीच्या प्रवचनात सगळ्यांनीच डोक्यावर राख घ्यावी असे आढळते, आणि १०९१ मध्ये पोप दुसरे अर्बन यांच्या बेनेव्हेंतो येथील धर्मसभेने ती सर्वांसाठी केली. थोड्यांची लाज सगळ्यांची झाली, तेव्हा तिच्यात मिरवण्यासारखे काही उरले नाही. रोममध्ये अव्हेंटाइन टेकडीवरच्या सांता सबिना चर्चमध्ये पोपही या दिवशी डोक्यावर राख घेतात.

सोळाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट धर्मसुधारकांना मात्र बाह्य खुणांचा वीट आला होता. १५२२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या झुरिकला उपवासकाळात मुद्दाम सॉसेज खाल्ले गेले आणि तिथला धर्मसुधारक त्सविंग्ली याने त्याचे समर्थन केले. १५४८ मध्ये इंग्लंडमध्ये राखेचा विधी बंद झाला. विसाव्या शतकात तो अनेक अँग्लिकन व ल्यूथरन मंडळ्यांत परतला.

कॅथलिक नियमानुसार या दिवशी १८ ते ५९ वयोगटाने एकच पूर्ण जेवण घ्यायचे आणि १४ वर्षांवरील सर्वांनी मांस वर्ज्य करायचे. मासे चालतात. त्यामुळे वसई किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर नियमाचा त्याग तसा हलका पडतो, आणि खरा उपवास ज्याने त्याने ठरवायचा असतो : कोणी चहा सोडतो, कोणी दारू, कोणी एखाद्याशी धरलेला अबोला. गोव्यात तर आदल्या मंगळवारपर्यंत कार्निव्हलचे ढोल वाजत असतात.

मुंबई-वसईकडे हा कामाचा दिवस. पहाटेची मिस्सा करून माणसे लोकल पकडतात आणि डब्यात कोणीतरी हमखास म्हणते, ‘‘कपाळाला काहीतरी लागलंय तुमच्या.’’ राख पुसावी की ठेवावी, यावर चर्चचा नियम नाही. काही जण मत्तयचे वचन आठवून चर्चच्या दारातच रुमाल काढतात. काही जण विचारणाऱ्याला दोन वाक्यांत कारण सांगतात. ठेवली तरी संध्याकाळपर्यंत घामाने क्रूस विरघळून नुसता राखाडी डाग उरतो. उपवासाचे तेव्हा एकोणचाळीस दिवस बाकी असतात.