एखाद्या भागातल्या वाहतूक सुधारणांचा प्राधान्यक्रम

शहरातला एखादा भाग लोकांना यावंसं, थांबावंसं वाटेल असा करायचा तर वाहतुकीची कुठली कामं आधी घ्यायची आणि कुठली मागे ठेवायची, हे ठरवणं म्हणजे हा प्राधान्यक्रम. निधी आज ना उद्या मिळतो पण रस्त्याची रुंदी आहे तेवढीच राहते, त्यामुळे खरं भांडण जागेचं. साधारणपणे पायी चालणारे, सायकल, बस, मालाच्या गाड्या आणि सगळ्यात शेवटी खासगी गाडी असा क्रम धरतात. मीटिंगमध्ये सगळे माना डोलावतात, बजेटमध्ये मात्र उड्डाणपूलच वर येतो.

अमेरिकेतल्या नॅक्टो या संघटनेच्या हिशोबाने एक लेन गाड्यांना दिली तर तासाला 600 ते 1600 माणसं जातात, तीच फक्त बसला ठेवली तर 4000 ते 8000. शिवाय रस्ता रुंद केला की नव्या गाड्या येऊन तो परत भरतो, याला प्रेरित मागणी म्हणतात.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो फुटपाथने, आणि तोच सगळ्यात कंटाळवाणा विषय समजला जातो. फुटपाथ असतो हो, पण दर गेटपाशी खाली उतरतो, परत चढतो, मध्येच खांब, त्यामुळे गुडघे दुखणारं माणूस दोनदा चढउतार करतं आणि तिसऱ्यांदा सरळ रस्त्यावरूनच चालायला लागतं. उपाय साधा आहे, फुटपाथ सलग ठेवायचा आणि चढउतार गाडीला करायला लावायचा. कोपऱ्याची गोलाई कमी केली तर वळणारी गाडी झक मारत हळू होते, रस्ता ओलांडायचं अंतरही घटतं.

पक्कं काम करण्याआधी ट्रायल घेतलेली बरी. कोपनहेगनचा स्ट्रॉयट रस्ता 1962 मध्ये असाच प्रयोग म्हणून गाड्यांना बंद केला, दुकानदार चिडले होते, 1964 मध्ये तो कायमचा झाला. न्यूयॉर्कने 2009 मध्ये टाइम्स स्क्वेअरला रस्ता अडवून चक्क घडीच्या खुर्च्या मांडल्या. बेल्जियमच्या गेंटने 2017 मध्ये शहराचा मधला भाग विभागांत वाटला, एकातून दुसऱ्यात गाडीने जायचं तर रिंग रोडला वळसा, बस आणि सायकल मात्र सरळ.

दुकानांचा माल विसरला की योजना बोंबलते, म्हणून त्याला सकाळची ठरलेली वेळ देतात. भाडेकरूंचा प्रश्न मात्र वेळापत्रकाने सुटत नाही, भाग छान झाला की घरभाडी चढतात, त्यामुळे परवडणाऱ्या घरांचं बघायचं असेल तर ते फरशी बसवायच्या आधीच.