उल्लेखनीयता: विकिपीडियावर नवीन माणूस जिथे अडतो त्या शब्दाची पार्श्वभूमी

मराठी विकिपीडियावर नवीन आलेला माणूस पहिल्या पंधरा दिवसांत बरंच काही आपोआप शिकतो. चर्चा पानावर चार टिल्डे (~ ही खूण) टाकून सही करायची, ‘बदलांचा आढावा’ रिकामा सोडायचा नाही, कंट्रोल आणि एम दाबलं की मराठी टायपिंग चालू होतं, नावापुढचं ‘श्री’ आणि ‘आदरणीय’ काढून टाकायचं, आणि लेखात ‘होतं’ लिहिलं की कोणीतरी येऊन ‘होते’ करून जातं त्यावरून वाद घालत बसायचं नाही. हे सगळं जमतं. अडतं ते उल्लेखनीयता या एका शब्दापाशी, म्हणजे एखाद्या विषयाचं पान ठेवायचं की नाही हे ठरवणाऱ्या निकषापाशी. रात्री जागून लेख लिहिला, सकाळी उघडून बघतो तर वर पानकाढा साचा, म्हणजे हे पान काढून टाका अशी सूचना, लागलेला आणि कारण दिलंय ‘उल्लेखनीयता नाही’. त्यानंतर तो माणूस सहसा परत येत नाही. असे बरेच जण जाताना मी पाहिलेत, म्हणून बाकीचे नियम बाजूला ठेवून या शब्दाबद्दलच जरा सविस्तर लिहितोय.

कोश मराठीला नवीन नाही. १९२० च्या दशकातच २३ खंडांचा ज्ञानकोश निघाला होता आणि पुढे वाईहून विश्वकोशाचे खंड आले. पण तिथे कशावर नोंद घ्यायची हे संपादक ठरवायचे, वाचकाचा त्यात संबंध नव्हता. विकिपीडिया १५ जानेवारी २००१ ला सुरू झाला तो याच्या बरोबर उलट कल्पनेवर. त्याच्या आधी २००० मध्ये त्याच लोकांनी तज्ज्ञांकडून तपासून घेतलेला एक कोश चालू केला होता, एकेक लेख सात टप्प्यांतून जायचा आणि वर्षभरात जेमतेम मूठभर लेख तयार झाले. म्हणून मग ‘कोणीही लिहा’. सुरुवातीच्या नियमांमध्ये तर एक असाही होता की कोश सुधारताना नियम आडवे येत असतील तर नियमाकडे लक्ष देऊ नका. मराठी आवृत्ती १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनालाच सुरू झाली आणि वसंत पंचमी आणि ‘औदुंबर’ ही कविता हे तिचे सुरुवातीचे लेख. हे विषय उल्लेखनीय आहेत का असं तेव्हा कोणी विचारलं नाही, कारण तशी चौकट इंग्रजीतसुद्धा अजून पक्की झालेली नव्हती.

ती झाली भांडणांतून. इंग्रजी विकिपीडियावर २००३ ते २००५ या काळात शाळांवरून जोरदार वाद चालू होते, गावातल्या प्रत्येक शाळेला स्वतंत्र पान असावं की नाही. एक बाजू म्हणायची, हा काही छापील खंड नाही, जागा कमी पडत नाही, राहू दे. दुसरी म्हणायची, मग कचरा आणि कोश यात फरक काय राहिला. त्यात पोकेमॉनचा मुद्दा यायचा, की कार्टूनमधल्या एकेका प्राण्याला पान आहे मग आमच्या शाळेनं काय घोडं मारलंय (त्यातल्या बहुतेक प्राण्यांची पानं २००७ मध्ये याद्यांमध्ये विलीन केली). मग २००५ मध्ये एका ज्येष्ठ अमेरिकन पत्रकाराच्या पानावर कोणीतरी लिहून ठेवलं की केनेडी बंधूंच्या खुनाशी यांचा संबंध असल्याचा संशय होता, निव्वळ खोटं, आणि ते चार महिने कोणाच्या लक्षातच आलं नाही. त्या प्रकरणानंतर डिसेंबर २००५ पासून इंग्रजीत लॉगिन न करता नवीन पान तयार करणं बंद झालं आणि हयात व्यक्तींबद्दलचे नियम एकदम कडक झाले. उल्लेखनीयतेची मार्गदर्शक सूचना आली ती त्याच्या पुढच्या वर्षी, २००६ मध्ये. तिचा गाभा साधा आहे, विषयाशी संबंध नसलेल्या, भरवशाच्या लोकांनी त्याबद्दल पुरेसं काही लिहून ठेवलंय का. माणूस मोठा की छोटा हे त्यात कुठेच येत नाही.

आणि मराठीत नेमका इथेच घोटाळा होतो. आपल्याकडे ‘उल्लेखनीय’ म्हणजे कौतुकास्पद. उल्लेखनीय कामगिरीबद्दल शाल-श्रीफळ देतात, पोलिसांना पदकं देतात, दहावीच्या निकालाच्या बातमीत उल्लेखनीय यश असतं. त्यामुळे आपल्या वडिलांचं पान केलेल्या माणसाला ‘तुमचा विषय उल्लेखनीय नाही’ असं सांगितलं की त्याला ऐकू येतं, तुमचे वडील काही विशेष नव्हते. चावडीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या सगळ्यांच्या चर्चेच्या पानावर, एका सदस्यानं विचारलेला प्रश्न माझ्या अजून लक्षात आहे, ज्यांनी चाळीस वर्षं शाळेत पोरं घडवली ते उल्लेखनीय नाहीत हे ठरवणारे तुम्ही कोण? त्याला कोणी रागावून तर कोणी इंग्रजी नियमांची लिंक देऊन उत्तर दिलं. ‘अहो दादा, वडिलांबद्दल काही म्हणायचं नाहीये, त्यांच्यावर कोणी काही छापलंय का एवढंच विचारतोय’ हे साधं वाक्य कोणीच लिहिलं नाही.

जर्मन लोक याच नियमाला सरळ ‘प्रस्तुतता’ अशा अर्थाचा शब्द वापरतात आणि फ्रेंच ‘स्वीकारार्हता’ म्हणतात, म्हणजे दोन्हीकडे माणसाच्या मोठेपणाचा विषयच निघत नाही. हिंदीत मात्र आपल्यासारखंच उल्लेखनीयता. मला याचं वाईट वाटतं ते अशासाठी की मराठी विकिपीडियाच्या जुन्या लोकांनी बाकीचे शब्द इतके सुंदर निवडलेत. सरावाच्या पानाला धूळपाटी, सगळ्यांनी जमून बोलायच्या जागेला चावडी, आपोआप एडिट करणाऱ्या प्रोग्रामला सांगकाम्या. शब्द ऐकला की काम कळतं. या एकाच ठिकाणी डिक्शनरीतला शब्द आला. माझ्या मते ‘दखल’ हा शब्द हवा होता. ‘इतरांनी दखल घेतल्याचा पुरावा द्या’ म्हटलं तर कोणालाही कळेल आणि कोणाला लागणारही नाही. दखलपात्र म्हटल्यावर गुन्हा आठवतो हे मान्य, पण तेवढी सवय होऊन जाते.

शब्द बदलला तरी दुसरी अडचण उरतेच. हा नियम जिथे तयार झाला तिथे गावागावात शंभर वर्षांचे पेपर आहेत आणि त्यातले बरेच आता ऑनलाइन शोधता येतात. आपल्याकडे एखाद्या शाहिरानं तीस-चाळीस वर्षं जत्रा गाजवल्या तरी त्याच्यावर छापील काय सापडतं, तर एखाद्या दिवाळी अंकातला लेख, गावच्या मंडळाची स्मरणिका आणि फार तर एकसष्टीला काढलेला गौरवग्रंथ. गौरवग्रंथ तर त्याच्याच माणसांनी काढलेला, म्हणजे स्वतंत्र संदर्भ म्हणून तो टिकत नाही. २०११ च्या सुमारास मल्याळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सेपेदी भाषेत एक प्रयोग झाला, जाणत्या लोकांच्या मुलाखती रेकॉर्ड करायच्या आणि त्याच संदर्भ म्हणून द्यायच्या. कल्पना फार चांगली होती पण सगळीकडे चालेल असा नियम काही त्यातून निघाला नाही. आणि छापील पुरावा मागणारी ही पद्धत चुकते तेव्हा मोठीही चूक करते. २०१८ मध्ये ज्या कॅनडियन बाईंना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं त्यांच्या पानाचा मसुदा त्याच वर्षी काही महिने आधी इंग्रजी विकिपीडियावर पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून नाकारला गेला होता.

मराठीत या नियमाचा खरा कस लागला तो कार्यशाळांमध्ये. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा दिन आला किंवा जानेवारीत पंधरवडा आला की कॉलेजच्या लॅबमध्ये चाळीस पोरं बसायची. एका इंटरनेट कनेक्शनवरून दिवसाला सहाच अकाउंट उघडता येतात, सातव्या मुलीच्या स्क्रीनवर एरर येणार आणि मग सर मोबाईलचं नेट लावून देणार, इथून सुरुवात. आधी बटणावर ‘जतन करा’ असायचं, त्यामुळे पोरांना वाटायचं आपलं आपल्यापुरतं सेव्ह झालं आणि अर्धवट ओळी थेट लेखात जायच्या. ते बटण २०१६-१७ च्या सुमारास ‘प्रकाशित करा’ झालं तेव्हा निदान तेवढं कळायला लागलं. विषय काय निवडा म्हटलं की ठरलेलं, आपलं गाव, आपलं कॉलेज, आपले सर. त्यातलं गाव टिकतं कारण जनगणनेत त्याची नोंद असते, म्हणून तर एकाच साच्यातला मजकूर असलेली शेकडो गावांची पानं आज दिसतात. सरांचं पान मात्र संध्याकाळपर्यंत जायचं. धूळपाटीवर एक तास घालवून, आधी दोन संदर्भ हातात घ्या मग विषय ठरवा एवढं सांगितलं असतं तर चाळीसातले चार-पाच तरी टिकले असते असं मला अजून वाटतं.

आता त्यात मशीनची भर पडलीय. भाषांतराचं टूल आलं, मग एका प्रश्नावर पूर्ण लेख लिहून देणारे प्रोग्राम आले, आणि त्या लेखांमध्ये संदर्भ भरपूर असतात, फक्त त्यातली काही पुस्तकं कधी निघालेलीच नसतात. इंग्रजी विकिपीडियानं ऑगस्ट २०२५ मध्ये असा न तपासता टाकलेला मजकूर चर्चेशिवाय लगेच काढायचा नियम केला. याचा परिणाम खऱ्या नवीन माणसावर होतो. पूर्वी संदर्भ दिला की लोक विश्वास ठेवायचे, आता पुस्तकाचं पान नंबर, प्रकाशन, वर्ष सगळं विचारतात, आणि ज्याच्याकडे आजोबांच्या पेटीतलं कात्रण आहे पण त्यावर पेपरची तारीख नाही तो तिथेच अडकतो.

२०१२ च्या सुमारास मी आमच्या भागातल्या एका शाहिरांचं पान केलं होतं, ते आठ दिवसांत गेलं. चार वर्षांनी तालुक्याच्या वाचनालयात जुने दिवाळी अंक चाळताना त्यांच्यावर दोन वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले लेख सापडले, मी अंकांची नावं, वर्षं आणि पान नंबर टाकून तेच पान परत केलं. ते अजून आहे. मधल्या काळात शाहीर वारले, ती तारीख तेवढी दुसऱ्याच कोणीतरी येऊन भरली.