चेसी प्लेट : जुन्या मोटारींवरील साफसफाई व रंगकाम

कंपनीचे नाव, मॉडेल, चेसीचा म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा क्रमांक अशी गाडीची ओळख सांगणारी, कारखान्यातच रिव्हेटने बसवलेली धातूची छोटी पट्टी म्हणजे चेसी प्लेट. जुन्या गाड्यांत ती बहुधा बॉनेटखाली, इंजिनमागच्या पत्र्यावर सापडते. गाडी कायमची दुसऱ्या राज्यात गेली की सांगलीची एमएच १० ही पाटी उतरते. चेसी प्लेट मात्र जन्मभर सोबत राहते. प्रीमियर पद्मिनीच्या प्लेटला सांगलीकरांच्या लेखी आणखी एक ओळख आहे : ती गाडी कुर्ल्यात बनवणारी कंपनी वालचंद हिराचंद यांनी स्थापन केली आणि सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय त्यांच्याच नावाचे आहे.

प्लेट पितळेची आहे की ॲल्युमिनियमची, हे आधी पाहावे. घरची भांडी घासायची सवय इथे घात करते. चिंचेने पितळ लखलखते खरे, पण आंबट द्रव बराच वेळ राहिला तर पृष्ठभागातले जस्त निघून जाते आणि तांबूस डाग उरतात. राख किंवा धुण्याचा सोडा ॲल्युमिनियमला तर लावूच नये. त्यावरचा संरक्षक थर अल्कलीने विरघळतो. तेलकट मळासाठी थोडे रॉकेल, मग साबणाचे कोमट पाणी आणि जुना मऊ टूथब्रश एवढे पुरते. थिनरने मूळ रंगच उतरण्याची भीती असते.

२००५ आणि २०१९च्या महापुरात कृष्णेचे पाणी सांगलीत घरांबरोबर गाड्यांतही शिरले. असा गाळ कोरीव अक्षरांत बसून वाळला की घट्ट धरतो. तो कोरड्या फडक्याने पुसला तर त्यातली बारीक वाळू पॉलिश पेपरसारखी चालते. ओले फडके तासभर ठेवून गाळ भिजवावा आणि पाण्यानेच सोडवावा.

रंग अगदीच उडाला असेल तरच नवा द्यावा. ठोकलेल्या क्रमांकाची चौकट आधी टेपने झाकायची, मग खोलगट पार्श्वभूमीवर मूळ छटेचा इनॅमल पातळसर मारायचा. तो पक्का वाळल्यावर सपाट लाकडी ठोकळ्याला १००० नंबरचा वॉटर पेपर गुंडाळून उठावाच्या अक्षरांवरून हलकेच फिरवला की अक्षरे उजळतात. बोटाने घासू नये. बोट खळग्यात उतरते आणि तिथला रंग खरवडून निघतो.

क्रमांकाला मात्र पेपर लागता कामा नये. आकडे ठोकण्याच्या पंचाच्या (ठशाच्या) घावाने आकड्याखालचा धातूही दबलेला असतो, त्यामुळे पुसलेला आकडा न्यायवैद्यक तपासणीत पुन्हा उमटवता येतो. मग निर्दोष मालकही संशयात सापडतो. २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, चेसी, बॉडी व इंजिनात मोठा फेरफार नसलेल्या खासगी गाडीला ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज नोंदणी मिळते. तेव्हा प्लेट, चेसीवर थेट ठोकलेला आकडा आणि आरसी बुक एकमेकांशी जुळलेले हवेत. नवी कोरी, चकचकीत प्लेट करून लावण्यापेक्षा डागाळलेली, वाचता येणारी मूळ प्लेट कितीतरी मोलाची.

शक्यतो प्लेट जागेवरच साफ करावी. मूळ रिव्हेट एकदा ड्रिलने काढले की तसे पुन्हा बसत नाहीत. हात लावण्यापूर्वी फोटो काढावा, क्रमांकावर पातळ कागद धरून पेन्सिलीने ठसा घ्यावा आणि तो तारीख घालून आरसी बुकात ठेवावा.