राजगड तालुक्यातील कमी पटाच्या शाळा : पार्श्वभूमी

वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळांचे एकत्रीकरण करण्याचा विचार शिक्षण विभागाने २०२३ मध्ये मांडला, तेव्हा नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातील पानशेतच्या समूह शाळेचे, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा एकत्र करून चालवलेल्या शाळेचे, नाव पुढे आले. या भागातील, म्हणजे पूर्वीच्या वेल्हे आणि आताच्या राजगड तालुक्यातील, पट का घटला हे समजून घ्यायचे तर शाळेच्या आधी धरणांकडे पाहावे लागते.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून पुण्यात आलेला पूर शहराच्या स्मरणात आहे. मात्र धरण पुन्हा बांधले गेले, शेजारच्या मोसे खोऱ्यात वरसगावही झाले आणि दोन्हीकडची खोऱ्यातली जमीन पाण्याखाली गेल्याने अनेक कुटुंबे दौंडच्या बाजूला गेली, याची आठवण शहरात फारशी कोणी काढत नाही. मागे राहिल्या त्या डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या. १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आलेल्या जिल्हा परिषदेकडे प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी आली, ती अशाच वाड्यांसह. पुढे वस्तीशाळा, म्हणजे छोट्या वस्त्यांवरच भरणाऱ्या शाळा, आल्या. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यामुळे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत मिळणे हा मुलाचा हक्क ठरला. दहा मुलांची शाळा ही त्या काळात उधळपट्टी नव्हती, कायद्याची पूर्तता होती.

गुणवत्तेची चर्चा करताना वर्गाचे चित्र डोळ्यांसमोर असावे. द्विशिक्षकी शाळेत एका खोलीत पहिली-दुसरी, तर दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी बसते. तिसरीला हातच्याची वजाबाकी देऊन गुरुजी चौथीचे वाचन घेतात आणि दुसऱ्या बाई केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, बैठकीला गेल्या, तर चारही इयत्ता त्यांच्याच गळ्यात पडतात, शिवाय पोषण आहाराची नोंद आणि ऑनलाइन माहिती. चौथीची शिष्यवृत्ती परीक्षा २०१६-१७ पासून पाचवीला गेल्यावर चौथीपर्यंतच्या शाळांच्या हातून गावाला दाखवता येईल असे एक मोजमापही काही वर्षांसाठी गेले. कामासाठी पुण्यात उतरलेले पालक जूनमध्ये दाखला काढून मुलांना बरोबर नेतात, त्यात शिक्षकाचा दोष किती?

स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे सरकारी अनुदानाशिवाय चालणाऱ्या, शाळांच्या २०१२ च्या कायद्याने खासगी शाळांना वाट मोकळी झाली. २०१७ मध्ये राज्यातील दहा किंवा त्याहून कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करण्याचा निर्णय झाला आणि त्यावर मोठी टीका झाली. पुढे १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे मिळणार हे ठरवण्याच्या, निकषांनी शिक्षकपदांचे गणित पटाशी आणखी घट्ट बांधले. अंतर मोजून उभारलेल्या शाळा आता डोकी मोजून तपासल्या जात आहेत.

याच जिल्ह्यात खेड तालुक्यातील जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेने मोजक्या मुलांपासून सुरुवात करून २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळवला. तिचे उदाहरण डोंगरी शाळांना सर्रास दिले जाते. पण खेडचा तो भाग उद्योगांच्या पट्ट्यात मोडतो आणि तेथे आसपासच्या गावांतून मुले येऊ शकतात. पानशेतच्या वरच्या अंगाला शेजारचे गाव बहुधा पाण्याच्या पलीकडे असते.