आधी कवठं सारखी करा

नऊ महाळुंगं आणि सात कवठं मिळून १०७ ला. सात महाळुंगं आणि नऊ कवठं मिळून १०१ ला. तर एकेका फळाचा भाव काय? हे कोडं इ.स. ८५० च्या सुमाराचं, महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथातलं. ग्रंथाच्या आरंभी राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाची स्तुती आहे. आणि राष्ट्रकूट स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’, म्हणजे लातूरचे स्वामी, म्हणवून घेत. गणित तसं घरचंच!

महाळुंगाचा भाव म आणि कवठाचा क धरू.

९म + ७क = १०७
७म + ९क = १०१

नुसती वजाबाकी केली तर २म − २क = ६ उरतं, दोन्ही अज्ञातं तिथंच. कवठं दोन्हीकडे सारखी असली तरच ती वजाबाकीत उडतील. ७ आणि ९ चा लसावि ६३. म्हणून पहिली खरेदी नऊ वेळा झाली, दुसरी सात वेळा, असं समजायचं:

८१म + ६३क = ९६३
४९म + ६३क = ७०७

वजा केल्यावर ३२म = २५६, म्हणून म = ८. ही किंमत पहिल्या समीकरणात ठेवली की ७२ + ७क = १०७, म्हणजे क = ५. ताळा मात्र दुसऱ्या समीकरणात घ्यावा: ५६ + ४५ = १०१. क पहिल्यातूनच काढलेला, त्यामुळे म चुकला असला तरी तिथं ताळा जुळतोच.

मुलांचं हमखास चुकतं ते गुणताना. डावी बाजू नऊपट होते, उजवीकडे १०७ तसेच राहतात. फळं नऊपट आणि पैसे तेवढेच, असा फळवाला औंढ्याच्या शिवरात्रीच्या जत्रेतही भेटायचा नाही. दुसरी चूक चिन्हांची: −३क मधून −३क वजा केले की शून्य येतं, −६क नव्हे. चिन्हं विरुद्ध असतील तर सरळ बेरीज करावी.

या कोड्यात सहगुणक अदलाबदल झालेले आहेत, म्हणून लसाविही टाळता येतो. बेरजेतून १६म + १६क = २०८, म्हणजे म + क = १३; वजाबाकीतून म − क = ३. पुन्हा बेरीज, २म = १६. तोंडी होतं.

आता समजा, दुसरी खरेदी १८ महाळुंगं आणि १४ कवठं, २१४ ला. पहिलीची दुप्पट करून वजा करा, ० = ० येईल. आकडेमोड बरोबरच आहे. तीच पावती दोनदा हातात आली, तिसरी माहिती हवी. आणि २१४ ऐवजी २२० असतील तर ० = ६. मग असा भावच अस्तित्वात नाही: दोघांपैकी एका गिऱ्हाइकाला वेगळा दर लागला आहे.