कपात चीज किती आणि हवा किती?

मे महिन्यातली दुपार, जळगावात पारा 44 अंशांवर. भाची अमेरिकन पाककृती बघून मॅकरोनी बेक करत होती. त्यात लिहिलेलं, दोन कप किसलेलं चेडर. चीज फ्रिजबाहेर राहून मऊ पडलेलं. किस एकमेकांना चिकटून त्याचा गोळा झाला, आणि तिने तो चमच्याने दाबून दाबून कपात भरला. ओव्हनमधून डिश निघाली ती वर तेलाचा तवंग घेऊनच, आणि घास खारट. "मावशी, मी तर मोजूनच घातलं होतं ना!" बिचारीचं खरंच होतं. माप बरोबर भरलं होतं, पण त्या मापात चीज दुपटीच्या जवळ गेलं होतं.

घट्ट चीज पाण्यापेक्षा किंचित जड असतं. क्यूब पाण्याच्या ग्लासात टाकून पाहा, तळाला जातो. अमेरिकन कप सुमारे 237 मिलिलिटरचा. त्यात फटी न ठेवता चेडर ठासलं तर साधारण 255 ग्रॅम बसेल. पाककृतीवाले मात्र किसलेल्या चेडरचा कप 113 ग्रॅमचा धरतात. म्हणजे निम्म्याहून जास्त कप हवेने भरलेला!

आपल्याकडे ज्वारी अधोली-पायलीने मोजायचे आणि ते निभावून जायचं, कारण दाणा गोल आणि टणक. मापात साठ टक्क्यांच्या आसपास दाणा, उरलेली हवा. माप ठोकलं तर थोडं खाली बसतं, एवढंच. चीजच्या किसाची गत शेवेसारखी आहे. शेवभाजीची जाड शेव वाटीभर घ्या आणि तीच हाताने चुरा, वाटी लगेच रिकामी दिसू लागते. लांब काड्या आडव्यातिडव्या एकमेकींवर टेकून राहतात, मध्ये पोकळ्या उरतात. शेव निदान कडक तरी असते. चीजमधलं दुधाचं स्निग्ध फ्रिजमध्ये बरंचसं घट्ट असतं आणि चाळिशीच्या आसपास पूर्ण वितळतं. आपल्या उन्हाळ्यात स्वयंपाकघरच त्या तापमानाला पोचलेलं, मग काड्या लवतात, चिकटतात आणि पोकळ्या बुजतात.

भाचीला दाखवायला मी 25 ग्रॅमचे चार क्यूब फ्रीजरमध्ये वीस मिनिटं ठेवून किसणीच्या जाड बाजूने किसले. कप जवळजवळ भरला. मग तोच किस अंगठ्याने दाबला, तर अर्ध्याच्या जरा वर येऊन थांबला. वजनकाट्यावर दोन्ही वेळी 100 ग्रॅमच.

क्रीम चीजमध्ये हा घोळ नाही. ते कपात सपाट बसतं, सुमारे 225 ते 230 ग्रॅम. त्यामुळे 'चीजचा कप इतक्या ग्रॅमचा' असा एकच आकडा पाठ करण्यात अर्थ नाही. पनीर किसलंत तरी किसलेल्या चेडरचीच तऱ्हा.

औंसाकडेही नीट बघा, कारण तिथे हमखास फसगत होते. द्रवाचे 8 औंस म्हणजे एक कप. पण पाककृतीत '8 औंस चेडर' असेल तर तो वजनाचा औंस, 28.35 ग्रॅमचा. म्हणजे 227 ग्रॅम, किसून दोन कप.

भाचीने पाककृतीतले 'दोन कप' खोडून वर पेनने 226 ग्रॅम लिहिलं आणि काट्यावर रिकामी वाटी ठेवून आकडा शून्यावर आणला. क्यूब हिशोबाने नऊ, आणि एक ग्रॅम तिने सोडून दिला.