पातळ शीचं गणित

कुत्रं पाळलेल्या माणसाला एक आवाज गाढ झोपेतही ओळखू येतो. आधी ओठ चाटल्याची चटकचटक, मग फरशीवर नखांची येरझार, शेवटी दाराशी जाऊन बारीकसं कुंई. मग काय, हाताला लागेल ते अंगावर चढवायचं, पट्टा अडकवायचा आणि अंधारात पळायचं. अशाच एका पहाटे आमचा बंड्या गवतात पाठ वाकवून बसला होता आणि मी मोबाइलचा टॉर्च त्याच्या मागे धरून उभा होतो. कुणी पाहिलं असतं तर काय समज करून घेतला असता कोण जाणे. पण पशुवैद्यांनी आदल्याच आठवड्यात बजावलं होतं, "औषधाचं नंतर बघू. आधी शी कशी होते ते मला नीट सांगा. फोटो आणलात तर फारच छान."

तेव्हापासून माझा फोन कुणाच्या हातात द्यायची सोय उरलेली नाही.

त्या फोटोंवरून डॉक्टर सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवतात: बिघाड लहान आतड्यात आहे की मोठ्या? जुलाब दोन्हीकडे होतात, पण तऱ्हा वेगळी. मोठं आतडं चिडलं की कुत्रा दहादा बसतो, कुंथतो, दर वेळी चमचाभर शी, तिच्यावर शेंबडासारखा चिकट थर, कधी लालभडक रक्ताचा थेंब. एरवी मात्र तो बऱ्यापैकी मजेत असतो आणि वजनही टिकून असतं. लहान आतड्याचं दुखणं याहून मुकं, आणि म्हणूनच फसवं. कुत्रा दिवसातून दोन-तीनदाच जातो, कुंथत नाही, पण ढीग मोठा, सैल, कधी तेलकट. रक्त असलंच तर खाली येईपर्यंत पचून डांबरासारखं काळं झालेलं. पोटात गुडगुड. असेच आठवडे जातात आणि एक दिवस पाठीवरून हात फिरवताना मणके बोटांना लागतात.

हे का होतं ते समजायला थोडं आत शिरावं लागेल. मध्यम चणीच्या कुत्र्याचं लहान आतडं साधारण तीन-चार मीटर लांब असतं आणि आतून मखमलीसारखं दिसतं. ही मखमल म्हणजे जेमतेम मिलिमीटरभर उंचीची असंख्य बोटं, त्यांना व्हिलाय म्हणतात. या बोटांच्या मुळाशी खोलगट खड्डे असतात. नव्या पेशी तिथे जन्मतात, हळूहळू बोटावर चढतात आणि काही दिवसांतच टोकाशी पोचून गळून पडतात. म्हणजे आज जे आतडं जेवण पचवतंय, ते पुढच्या आठवड्यात बव्हंशी नवं असेल. हा वेग कुत्र्याला तारतो आणि कधी मारतोही, ते पुढे येईलच.

आता पाण्याचा हिशेब. वीस किलोच्या कुत्र्याच्या लहान आतड्यात दिवसभरात मोघम अडीच लिटर द्रव उतरतो. प्यायलेलं पाणी आणि अन्नातला ओलावा हा त्यातला थोडा भाग. बाकी सगळी लाळ, जठररस, पित्त आणि स्वादुपिंडाचा रस, म्हणजे शरीराने स्वतःच ओतलेलं पाणी. ते परत घ्यावं लागतं. लहान आतड्याचा मधला भाग ढोबळमानाने निम्मं शोषतो, उरलं १,२५० मिलिलिटर. शेवटचा भाग त्यातलं तीन चतुर्थांश घेतो, उरलं ३१२. मोठं आतडं त्यातलं नव्वद टक्के ओढून घेतं. बाहेर पडतं ते फक्त ३१ मिलिलिटर, दोन मोठ्या चमच्यांएवढं. समजा सूज आली आणि त्या शेवटच्या भागाने तीन चतुर्थांशाऐवजी निम्मंच शोषलं. बाकी सगळं जसंच्या तसं. तरी शीतलं पाणी एकदम दुप्पट. अडीच लिटरच्या उलाढालीत तीस मिलिलिटरची चूक, आणि तुमची पहाटेची झोप गेली.

(पचनाविषयी माणसाला जे कळलं त्यातलं पुष्कळसं कुत्र्याच्याच पोटातून कळलं, हे या निमित्ताने सांगायला हवं. रशियन शास्त्रज्ञ पावलोव यांना १९०४ सालचं नोबेल मिळालं ते पचनक्रियेवरच्या कामासाठी. त्याआधी दोन वर्षं, १९०२ मध्ये लंडनला बेलिस आणि स्टार्लिंग या शास्त्रज्ञांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या लहान आतड्याच्या एका वळशाच्या सगळ्या नसा तोडल्या आणि त्यात आम्ल सोडलं. नसांचा काही संबंध उरलेला नसताना स्वादुपिंड पाझरायला लागलं. आतड्याने रक्तातून निरोप धाडला होता. त्या निरोप्याचं नाव सिक्रेटिन. 'हॉर्मोन' हा शब्द स्टार्लिंग यांनी वापरात आणला तो त्यानंतर, १९०५ मध्ये. मधुमेहापासून थायरॉइडपर्यंत आज आपण जी भाषा बोलतो तिचा उगम असा एका कुत्र्याच्या आतड्यात आहे.)

एक-दोन दिवसांचे जुलाब बहुतेक वेळा कचऱ्यातलं काहीतरी खाल्ल्याने, खाणं अचानक बदलल्याने किंवा जंतांमुळे होतात. यावर पूर्वापार चालत आलेला उपाय म्हणजे दिवसभर उपाशी ठेवा, आतड्याला विश्रांती द्या. ऐकायला पटतं, पण आतड्याचा स्वभाव तसा नाही. त्या मखमलीच्या पेशी आपलं बरंचसं पोषण रक्तातून न घेता समोरून जाणाऱ्या अन्नातूनच घेतात. अन्न बंद केलं की व्हिलाय आखूड होतात. पार्वोसारख्या भयंकर आजारातल्या पिल्लांवरही हे तपासून झालंय. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही पिल्लांना उलट्या चालू असतानाच नळीने थोडं थोडं अन्न सुरू केलं, बाकीच्यांना उलट्या थांबेपर्यंत उपाशी ठेवलं. लवकर खाल्लेली पिल्लं लवकर सावरली. म्हणून आता साध्या जुलाबात सांगतात ते असं: पाणी सतत पुढ्यात, आणि कमी चरबीचं, पचायला हलकं अन्न दिवसातून चार-पाच वेळा, मूठमूठभर. मऊ शिजवलेला भात आणि कातडी काढून उकडलेलं कोंबडीचं मांस, बिनमिठाचं, बिनमसाल्याचं, कांदा-लसूण न घातलेलं. ते काही दिवसच. त्यात कॅल्शियम आणि इतर बरंच काही कमी असतं, त्यामुळे पोट बरं झालं म्हणून तेच महिनोन्‌महिने चालू ठेवायचं नाही. नेहमीच्या खाण्यावर परत यायचं तेही आठवडाभरात, रोज थोडं थोडं मिसळत.

"कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याला भात कसला देता" असं म्हणणारा एक तरी जाणकार प्रत्येकाला भेटतो. २०१३ मध्ये कुत्रे आणि लांडगे यांच्या जनुकांची तुलना झाली तेव्हा पिठूळ अन्न पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती सापडल्या, कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उकिरड्याशेजारी हजारो वर्षं काढल्याची ही नोंद आहे.

पार्वोचा उल्लेख आलाच आहे. हा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. त्याला झपाट्याने वाढणाऱ्या पेशी लागतात, आणि त्या व्हिलायच्या मुळाशी असलेल्या खड्ड्यांत आयत्या मिळतात. तो कारखानाच जाळतो. जुन्या पेशी ठरल्याप्रमाणे गळतात, जागेवर नव्या येत नाहीत आणि काही दिवसांत आतडं उघडं पडतं. त्याच वेळी अस्थिमज्जेवर हल्ला झाल्याने पांढऱ्या पेशीही घटतात. म्हणून लस पूर्ण न झालेलं पिल्लू उलट्या-जुलाब करून मलूल पडलं तर भातबीत शिजवत बसू नये, तडक दवाखाना गाठावा.

मोठ्या कुत्र्यातही थांबू नये असे प्रसंग आहेत. काळी किंवा रक्ताळ शी, पाणीही न टिकणाऱ्या उलट्या, पोट टम्म फुगून नुसत्याच कोरड्या ओकाऱ्या, मोजा किंवा चेंडू गायब झालेला असणं. पाणी किती कमी झालंय ते हिरड्यांवरून कळतं. निरोगी हिरडी ओलसर, बोटाखाली बुळबुळीत लागते. ती चिकट किंवा कोरडी लागली, किंवा खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसली, तर सलाइनची वेळ झाली. आणि गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर कृपा करून ओढू नका. त्याचं दुसरं टोक जठराच्या तोंडाशी अडकलेलं असू शकतं. मग आतडं त्या दोऱ्यावर नाडी ओढलेल्या पिशवीसारखं चुणतं आणि दोरा त्याची भिंत कापतो.

घरातल्या औषधाच्या डब्याला हात लावू नये हेही ओघाने आलंच. माणसांच्या जुलाबावरची लोपेरामाइडची गोळी कुत्र्यांच्या कोलीसारख्या काही जातींत मेंदूत शिरून घात करते, कारण औषधं मेंदूबाहेर उपसणारा त्यांच्यातल्या अनेकांचा पंपच एका जनुकीय दोषामुळे बंद असतो. हा दोष २००१ मध्ये उजेडात आला. अँटिबायोटिकचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे. मेट्रोनिडाझोल दिलं की शी दोन दिवसांत घट्ट होते, मालक खूश. पण मोठ्या आतड्यात पेप्टासेटोबॅक्टर हिरानोनिस (पूर्वीचं नाव क्लॉस्ट्रिडियम हिरानोनिस) नावाचा एक सज्जन जिवाणू राहतो. तो पित्ताम्लांचं रूप बदलतो आणि बदललेली पित्ताम्लं उपद्रवी जिवाणूंना दाबून ठेवतात. औषध त्यालाही मारतं, आणि घडी पुन्हा बसायला कित्येक आठवडे लागू शकतात. साधे किंवा मध्यम जुलाब असतील तर अँटिबायोटिक देऊ नये, असं २०२४ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनीही सांगितलं. माझं मत विचाराल तर ज्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी इंजेक्शन न देता मला खाण्याविषयी वीस प्रश्न विचारले, त्यांच्यावर माझा जास्त विश्वास बसला.

दुखणं तीन आठवड्यांच्या पुढे गेलं की हिशेब बदलतो. बंड्याचं तसंच झालं. विष्ठेची तपासणी केली. जिआर्डिया हा परजीवी रोज दिसतोच असं नाही, म्हणून तीन दिवसांचे नमुने नेले. काही सापडलं नाही. मग रक्तात बी-१२ आणि फोलेट ही दोन जीवनसत्त्वं. ही जोडी मला फार आवडते, कारण तिच्यावरून बिघाड आतड्याच्या कुठल्या टोकाला आहे याचा अंदाज बांधता येतो. फोलेट लहान आतड्याच्या सुरुवातीला शोषलं जातं, बी-१२ अगदी शेवटी. त्यातही गंमत अशी की बी-१२ ला हात धरून नेणारं प्रथिन माणसात जठर बनवतं, कुत्र्यात मुख्यतः स्वादुपिंड. म्हणून बी-१२ कमी आलं की स्वादुपिंडाकडेही बघावं लागतं. ते निकामी झालं तर कुत्रा खा-खा करतो, स्वतःची शीही खातो आणि तरी वाळत जातो. जर्मन शेफर्डमध्ये हे बरंच आढळतं. नव्वद टक्क्यांच्या आसपास ग्रंथी संपेपर्यंत बाहेर काही दिसतच नाही. रक्ताच्या एका चाचणीत ते कळतं आणि जन्मभर अन्नात एन्झाइमची पूड मिसळावी लागते. याशिवाय रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन बघतात. ते घसरलं असेल तर आतडं प्रथिनं गळू देतंय, आणि तो आजार मात्र गंभीर.

बंड्याचं अल्ब्युमिन ठीक होतं. बी-१२ किंचित कमी, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, "आता खाण्याची चाचणी. हायड्रोलाइज्ड प्रथिनाचं अन्न, आणि त्याशिवाय काहीही नाही." यात प्रथिनाचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराच्या संरक्षक यंत्रणेला ते शत्रू म्हणून ओळखूच येत नाहीत. जुनाट जुलाबांच्या कुत्र्यांपैकी फार मोठा गट नुसतं अन्न बदलून बरा होतो, आणि आतड्याचं उत्तर सहसा दोन आठवड्यांत मिळतं. कातडीच्या ॲलर्जीत दोन महिने धीर धरावा लागतो, त्यामानाने हे स्वस्तात सुटणं.

मी त्याआधी दर चार दिवसांनी खाण्याची पिशवी बदलत होतो. प्रत्येक बदल म्हणजे जिवाणूंना नवा धक्का. कशाने बिघडतंय हे कळायला मी जागाच ठेवली नव्हती. आता एकच पिशवी. दहा दिवस झाले तरी शी सैलच. मी वैतागलो. डॉक्टरांनी विचारलं, "बी-१२ ची गोळी कशात देता?" चीजमध्ये. "जंताची?" ती मांसाच्या चवीची, चघळायची. "दात घासता? पेस्ट कसल्या चवीची?" कोंबडीच्या. "घरात लहान मूल?" माझी दीड वर्षाची भाची तेव्हा आमच्याकडेच होती. तिच्या उंच खुर्चीखाली बंड्या रोज तिन्ही त्रिकाळ, पुजाऱ्यासारखा हजर.

खुर्चीच्या वेळेला दार बंद झालं, गोळी त्याच नव्या अन्नाच्या गोळ्यात जायला लागली, पेस्ट गेली. सहाव्या दिवशी मी पिशवीत जे उचललं त्याला आकार होता. मी फोटो काढून डॉक्टरांना पाठवला आणि त्यांनी उलट टाळ्यांचं चित्र धाडलं. महिन्याभरात सव्वा किलो वजन परत आलं.

पण नुसतं बरं होणं म्हणजे निदान नव्हे. आपोआपही बरं झालेलं असू शकतं. म्हणून शेवटची पायरी उरतेच: जुनं खाणं पुन्हा घालून बघायचं. ती करायची माझी हिंमत होईना, तब्बल दोन महिने टाळली. शेवटी एका सोमवारी जुन्या पिशवीतलं मूठभर त्याच्या ताटलीत मिसळलं. मंगळवारी काही नाही. बुधवारी पहाटे चारच्या सुमाराला फरशीवर नखं वाजली.

मी टॉर्च घेतला.